फादर फ्रिट्झचा ॲमेझॉनचा नकाशा: ओमाग्वांचा कैवार की त्यांच्या नदीवरचा दावा?

कानाकोपरा (धागाकर्ता)
१७०७ साली दक्षिण अमेरिकेत, स्पेनच्या ताब्यातल्या कितो शहरात ॲमेझॉनचा एक नकाशा छापला गेला. काढणारा सामुएल फ्रिट्झ, बोहेमियातून आलेला जेझुइट पाद्री. ॲमेझॉनवरच्या ओमाग्वा या आदिवासी लोकांमध्ये त्याने पुष्कळ वर्षं काढली. परवा एका मित्राने या नकाशाचं चित्र पाठवलं, खाली ओळ: ‘आदिवासींच्या बाजूने काढलेला नकाशा’. मला काही हे पटलं नाही.

शीर्षकच वाचा ना. ‘महानदी मारान्योन किंवा ॲमेझॉन’, आणि लगेच पुढे ‘येशूसंघाच्या (म्हणजे जेझुइटांच्या) मिशनसह’. ओमाग्वा राहायचे नदीतल्या बेटांवर. फ्रिट्झने त्यांना चर्चभोवती आणून वसवलं आणि त्या वस्त्यांना सान होआकिनसारखी संतांची नावं दिली. १६८९ मध्ये आजारी पडून तो उपचारांसाठी नदीच्या मुखाजवळ पाराला गेला, तर पोर्तुगीजांनी हेर समजून अडकवून ठेवला. १६९१ मध्ये सुटला, पुढच्या वर्षी थेट लिमाला, स्पेनच्या राजाच्या प्रतिनिधीकडे, व्हाइसरॉयकडे. तक्रार काय? पोर्तुगीज आमच्या राजाच्या हद्दीत घुसतात. म्हणजे भांडण दोन राजांचं, ओमाग्वा उगाच मधल्या मध्ये.

ओंडका
अहो, पण पोर्तुगीज येत होते ते माणसं पकडून गुलाम म्हणून न्यायला. त्यांना अडवायचं तर दरबारात एकच भाषा चालायची: ही जमीन स्पेनची आहे. ‘ही जमीन ओमाग्वांची’ असं फ्रिट्झ बोलला असता तर व्हाइसरॉयने त्याला दारातही उभं केलं नसतं. इतकं करून सैन्य मिळालं नाहीच. बिचारा रिकाम्या हाताने जंगलात परतला. हे सगळं नुसतं राजासाठी केलं म्हणता?

तलाठ्याची लेक
नकाशा म्हणजे सातबारा नव्हे हो. सातबाऱ्यावर निदान ‘इतर हक्कां’त कुळाचं नाव लागतं.

ओंडका
ताई, लागलंय की. नदीच्या दोन्ही काठांना जमातींची नावं लिहिली आहेत त्याने.

तलाठ्याची लेक
नाव लागलं, हक्क कुठे लागला?

साखळी-कडी
मी जमीन मोजणीत नोकरी काढली, म्हणून माझं लक्ष भलतीकडेच जातं. फ्रिट्झकडे अक्षांश काढायला काय होतं माहितीये? ३ इंच त्रिज्येचं लाकडी अर्धवर्तुळ. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आठवा, त्याहून जरा मोठं. लंबकाचं घड्याळ नाही, दुर्बीण नाही, तेव्हा रेखांशाच्या नावाने शंख. शिवाय पाराला जाताना अंगात आजार. तरीही एवढी मोठी नदी, तिच्या उपनद्या एकापाठोपाठ एक कागदावर उतरल्या. हे ज्ञान आलं कुठून? माझ्या मते वल्ही मारणाऱ्यांकडून. पुढच्या वळणानंतर डाव्या हाताला कोणती नदी मिळते, हे त्या लाकडाच्या तुकड्याने कसं सांगावं?

ला कोंदामीन हा फ्रेंच शास्त्रज्ञ १७४३ मध्ये त्याच नदीतून चांगली उपकरणं घेऊन उतरला. आपल्या नकाशात त्याने फ्रिट्झची नदीही तुटक रेषेने दाखवली, चूक कुठे झाली ते कळावं म्हणून. त्यामुळे फ्रिट्झचं नाव राहिलं. वल्हेकऱ्यांपैकी एकाचंही नकाशावर नाही.

कानाकोपरा
साखळी-कडी, दंडवत. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

ओंडकाजी, तुमच्यासाठी एक प्रश्न. १७०१ मध्ये ओमाग्वांनी उठाव केला तो मिशनविरुद्ध. पायोरेव्हा नावाचा त्यांचा मुखिया पुढे होता. मग या कैवाऱ्याने काय केलं? बोर्हा या स्पॅनिश ठाण्याहून सैनिक बोलावले आणि पायोरेव्हाला कैदेत टाकलं.

ओंडका
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पाद्र्याचं वागणं वाईटच.

पण नकाशामुळे ओमाग्वांचं वाटोळं झालं असं कुणी म्हणणार असेल तर थांबा. १७१० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ही मिशनं मोडली, उरलेले ओमाग्वा नदीच्या वरच्या अंगाला पळाले. पोर्तुगीज काही फ्रिट्झचा नकाशा उलगडून आले नव्हते, गुलाम धरून धरून त्यांना नदी तोंडपाठ झाली होती. पुढे १७५० च्या माद्रिद तहात दोन्ही राजांनी तत्त्वच ठरवलं, ज्याच्या ताब्यात त्याचं. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ म्हणतात, तिथे बळकावेल त्याची.

साखळी-कडी
म्हणजे ज्या राजासाठी नकाशा काढला त्यालाही तो कामी आला नाही.

ओंडका
फारसा नाहीच.

पाणकोंबडी
उशिरा आले. वरपासून सगळे ‘होते, होते’ करताय म्हणून सांगते: ओमाग्वा आहेत. ब्राझीलमध्ये त्यांना कांबेबा म्हणतात, अर्थ चपट्या डोक्याचे. तान्ह्या बाळाचं कपाळ फळ्यांमध्ये दाबून चपटं करायची त्यांच्यात रीत होती. रीत कधीच सुटली, नाव तेवढं चिकटलंय.