बेळगावहून पॅरिस–इंटरलाकेन–व्हेनिस–रोम, पाच जण, सगळा प्रवास ट्रेननं: युरेल पास घ्यावा की सुटी तिकिटं?

टिळकवाडी_दुसरं_गेट

नमस्कार मंडळी. मे महिन्यात तेरा रात्रींचा बेत आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई (६८), मुलं १३ आणि ९ वर्षांची. पॅरिसला ३ रात्री, इंटरलाकेनला ४, व्हेनिसला २, रोमला ४. पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परत यायचं, एवढं पक्कं आहे. तीन प्रश्न आहेत:

युरेलचा ग्लोबल पास (एकाच पासवर युरोपभरच्या गाड्या) पाच जणांना परवडतो का? व्हिसा कुठल्या देशाचा आणि कुठून काढायचा? पुण्याहून चालेल की बेंगळुरूलाच जावं लागेल? आणि सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, तर सामान आणि गाड्या बदलणं कसं बसवायचं?

नेट धुंडाळलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. नीट माहीत असलेल्यांनी जरा सांगा की.

लोंढा_जंक्शन

पासचा नाद सोडा. तुमच्या बेतात लांबचे प्रवास मोजून तीन आहेत: पॅरिस–इंटरलाकेन, इंटरलाकेन–व्हेनिस, व्हेनिस–रोम. ग्लोबल पास परवडतो तो रोज गाडीत बसणाऱ्याला, आणि तोही जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या देशांत, जिथं बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या फ्रेच्चारोस्सात, म्हणजे तिथल्या वेगवान गाड्यांत, पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे. टीजीव्हीत पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. पासवर ४ ते ११ वर्षांचं मूल मोठ्यांबरोबर फुकट असतं, पण सीट हवी तर आरक्षणाचे पैसे त्याचेही पडतात. तुमचा तेरा वर्षांचा त्यात बसतच नाही, त्याला युथ पास लागेल.

त्याऐवजी असं करा.

पॅरिस ते बाझेल (स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरचं शहर) टीजीव्ही लिरिया, साधारण तीन तास, फक्त एवढंच तिकीट काढा. तीन-चार महिने आधी घेतलं तर स्वस्त मिळतं. बाझेलपासून स्विस ट्रॅव्हल पास, सलग ४ दिवसांचा, तिन्ही मोठ्यांना. तो घेतानाच स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट असतं. त्यावर ६ ते १५ वर्षांची मुलं आई किंवा वडिलांबरोबर फुकट फिरतात, म्हणजे तुमची दोन्ही. एक खोच आहे: आई-वडिलांपैकी एक जण बरोबर हवाच. एकट्या आजीबरोबर नातवंडं निघाली तर कार्ड चालत नाही.

बाझेल–इंटरलाकेन या स्विस गाडीला ठराविक नंबरचं तिकीट लागत नाही. पॅरिसची गाडी उशिरा आली तर पुढची पकडायची, पैसे बुडत नाहीत. तिकीट बाझेललाच तोडायचं ते याचसाठी. त्याच पासवर थुन आणि ब्रिएन्झ तलावांतल्या बोटी, लाउटरब्रुनेन, वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड, म्युरेन सगळं येतं. युंगफ्राउयोख मात्र येत नाही, वरच्या टप्प्याला २५ टक्के सूट आहे. ते स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिथं हवा विरळ असते, पायऱ्या चढताना धाप लागते. सासूबाईंना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांना खाली लाउटरब्रुनेनलाच बसवलंत तरी काही बिघडत नाही. श्टाउबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो, आणि मे महिन्यात गोकाकच्या कातळावर नुसती धार उरलेली असते तेव्हा हा बर्फ वितळून भरात असतो.

आणखी एक. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मे, तिकडचा खरा मोसम जून ते ऑगस्ट. मे महिन्यात डोंगरावरचे बरेच रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात, श्यिनिगे प्लाटेची दातेरी रुळांची गाडी तर जूनमध्ये सुरू होते. मुलांना कबूल करण्याआधी प्रत्येक ठिकाणाची तारीख बघा. फ्रान्सला १ आणि ८ मे सुट्टी असते, त्या तारखांना लांबचा प्रवास ठेवू नका.

पाचव्या दिवशी इंटरलाकेन–श्पीत्स–ब्रिग–मिलान. स्वित्झर्लंडहून इटलीत जाणाऱ्या युरोसिटी गाडीला आरक्षण सक्तीचं. मिलानहून व्हेनिस फ्रेच्चारोस्सानं सव्वादोन-अडीच तास. ही दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये निदान दीड तास ठेवा, कारण पहिली गाडी लेट झाली म्हणून दुसऱ्या कंपनीचं स्वस्त तिकीट कुणी बदलून देत नाही.

इटलीत घाईनं सुपर इकॉनॉमी (स्वस्तातलं तिकीट) घेऊ नका. तिथल्या रेल्वे कंपनीची, ट्रेनइटालियाची, «बिंबी ग्रातिस» योजना आहे: २ ते ५ जणांचा गट, मोठ्यांना बेस भाडं, १५ वर्षांखालची मुलं फुकट. तुमचा गट नेमका पाचाचा. तीन बेस तिकिटं आणि पाच सुपर इकॉनॉमी, दोन्हींची बेरीज मांडून बघा. फरक थोडा असेल तर बेसच घ्या, त्याची वेळ बदलता येते, सुपर इकॉनॉमीची नाही.

निपाणी_नाका

व्हिसाचं सांगतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. तुमच्या इटलीत ६, म्हणून इटली. एजंट म्हणेल फ्रान्सचा लवकर होतो, ऐकू नका. हॉटेलांच्या बुकिंगवरून रात्री मोजल्या जातात आणि न जुळल्यास प्रश्न तिथंच येतो.

पत्ता कर्नाटकातला असल्यानं साधारण बेंगळुरूची हद्द लागते. पुणे आपल्याला जवळ, पण हद्दीचा नियम देशागणिक बदलतो. तेव्हा अपॉइंटमेंट घेण्याआधी व्हिसा अर्ज केंद्राच्या साइटवर बेळगाव जिल्हा कुठं येतो ते बघा. बेंगळुरूची सकाळची वेळ मिळाली तर आदल्या रात्री राणी चन्नम्मा पकडा. वंदे भारत तिथं दुपारी पोचते, तिच्या भरवशावर सकाळची वेळ घेऊ नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला १५ दिवस धरतात, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. मेच्या प्रवासासाठी फेब्रुवारीत अर्ज गेलेला बरा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांना ४५. तेरा वर्षांचा मोठ्यांत धरला जातो, म्हणजे तुमचे ३६० अधिक ४५, एकूण ४०५ युरो. केंद्राचा सेवा आकार वेगळा. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, मोठ्याचे घेतील. विमा किमान ३०,००० युरोचा. सासूबाईंच्या पॉलिसीत वयाची अट आणि आधीचे आजार वाचूनच घ्या, सगळ्यात स्वस्त विमा तिथंच फसवतो.

आपल्या भागातली नेहमीची अडचण कागदांची. शेतीचं उत्पन्न दाखवायला पहाणी (सातबारासारखा उतारा) जोडाल तर ती कन्नडमध्ये असते, इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. मुलांच्या दाखल्यावर आडनाव एक, पासपोर्टवर दुसऱ्या स्पेलिंगनं, असं बऱ्याच घरांत असतं. ते आत्ताच बघा. ट्रेनच्या तिकिटांवर आणि पासवर नाव पासपोर्टप्रमाणेच घाला, तपासनीस पासपोर्ट मागू शकतो.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

टिळकवाडी_दुसरं_गेट

दोघांचे आभार. पासचा हिशेब डोक्यात बसला. आता एक हट्ट: मुलांना ती लाल गाडी बघायचीय, बर्निना, स्वित्झर्लंडच्या डोंगरातून इटलीत उतरणारी. इंटरलाकेनहून मिलानला जाताना त्या वाटेनं गेलं तर?

लोंढा_जंक्शन

जाता येतं, पण एका दिवसात नको. इंटरलाकेन ते खूर (पूर्व स्वित्झर्लंडमधलं गाव) सव्वातीन तासांच्या आसपास, खूर ते तिरानो (इटलीच्या सरहद्दीवरचं गाव) चार तासांवर, तिरानो ते मिलान अडीच. मधल्या गाठी धरून दहा-अकरा तास. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असताना एक रात्र खूरला काढा, इंटरलाकेनची एक कमी करा. मग पासच्या चौथ्याच दिवशी खूरला पोचा, आणि पास ४ ऐवजी ६ दिवसांचा लागेल. तो तिरानोपर्यंत चालतो.

बर्निना एक्स्प्रेस नावाच्या गाडीला जादा पैसे देऊन आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या रिजनल गाड्याही जातात, त्यांना आरक्षण नाही. सांक्ट मोरित्सला किंवा पोंत्रेसिनाला गाडी बदलावी लागते, एवढंच. एक्स्प्रेसच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि फोटोत चकाकी येते. साधी गाडी घ्यावी हे माझं मत.

कॅसलरॉक–कुळेचा घाट बघितलेल्या मुलांना मजा येईल. आपल्याकडे १:३७ चा चढ आणि मागून बँकर इंजिनं. बर्निनावर ७ टक्के, म्हणजे १:१४ च्या आसपास, आणि दातेरी रूळही नाही. ओस्पित्सिओ बर्निना २२५३ मीटरवर, तिरानो ४२९ वर. ब्रुसिओजवळ गाडी दगडी कमानींच्या पुलावर पूर्ण वळसा घेते, खाली येऊन स्वतःच्याच पुलाखालून निघते. तिरानोला स्विस आणि इटालियन स्टेशनं शेजारी शेजारीच आहेत.

खानापूर_रोड

सामानाचं राहिलंच की. तिकडे हमाल धरू नका. डब्याचा दरवाजा कधी फलाटाच्या पातळीला, कधी दोन-तीन पायऱ्या वर. पाच जणांना तीन मध्यम बॅगा, प्रत्येकी एका माणसाला एका हातानं उचलता येईल अशा. टीजीव्हीत माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली अशी मर्यादा आहे, आणि बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची.

फलाटाचं नीट ऐका. पॅरिसच्या गार द लियाँला फलाट गाडीच्या साधारण वीस मिनिटं आधी लागतो. एका हॉलमध्ये अक्षरं, दुसऱ्यात आकडे. तिकिटावरचा «व्हॉतूर» म्हणजे डबा. बऱ्याच टीजीव्ही म्हणजे दोन गाड्या जोडलेल्या असतात: १ ते ८ एकीचे डबे, ११ ते १८ दुसरीचे. आपल्यासारखं आत चढून व्हेस्टिब्यूलमधून पुढं जाऊ म्हणाल तर जमत नाही, दोन्हींच्या मध्ये वाट नाही. दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. इटलीत «कारोत्सा» डबा, «बिनारिओ» फलाट. पिवळं वेळापत्रक सुटणाऱ्या गाड्यांचं, पांढरं येणाऱ्यांचं. पांढऱ्यासमोर उभं राहून गाडी शोधणारे रोज भेटतात. व्हेनिसला «मेस्त्रे»ला उतरू नका (हॉटेल तिथं नसेल तर), पुढचं सांता लुचिया हे तुमचं स्टेशन.

व्हेनिसला काही ठराविक दिवशी, एप्रिल ते जुलै, दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क असतं. मुक्काम असलेल्यांना माफ, पण त्याची ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड ठेवावा लागतो.

आणि खाण्याचं: कुंदा नेऊ नका! बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, खवा त्यातच मोडतो. आंब्यांचा मोसम म्हणून हापूसची पेटीही नको, ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. कढीपत्त्याचंही तेच. शेंगाचटणी, भाजलेले पोहे, मेतकूट बिनधास्त न्या. शेंगाचटणी हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत दोन पिशव्यांत घाला. तेल सुटलं तर बाकीच्या कपड्यांचं वाटोळं होतं.