वजन जास्त, गुडघे दुखतात, मग स्नायू कमी झालेत हे ओळखायचं कसं?

काळजीत_लेक:
आई ६४ ची, बीएमआय ३४, दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थरायटिस (सांध्यांची झीज). सहा महिन्यांत नुसतं डाएट करून ७ किलो उतरवले, आम्ही सगळे खूश, पण आता हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठताच येत नाहीये तिला, आधी यायचं. दुखणं वाढलेलं नाही असं तीच म्हणते. सार्कोपेनियाची (वयानुसार स्नायू आणि ताकद कमी होण्याची) ती प्रश्नावली, सार्क-एफ, भरली तर १० पैकी ६ आले, ४ पासून पुढे संशय धरतात म्हणे. पण मांड्या तर चांगल्या जाड आहेत, मग स्नायू कमी कसे असतील? की हे सगळं गुडघ्यामुळेच?

फिजिओवाली:
दोन्ही असू शकतं, म्हणून तर गोंधळ होतो. सार्क-एफमधे पाचच प्रश्न, त्यातला वजन उचलण्याचा सोडला तर चालणं, खुर्चीतून उठणं, जिना, पडणं सगळं पायांवरच, त्यामुळे गुडघा दुखणाऱ्याचे मार्क स्नायू धड असले तरी चढतात. पाच वेळा उठ-बस करायच्या टेस्टचंही तेच (सार्कोपेनियाच्या २०१९ च्या आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक कार्यक्षमता कमी). म्हणून आधी हाताची पकड मोजून घ्या, डायनॅमोमीटरवर. त्याच २०१९ च्या निकषात बायकांत १८ किलोच्या खाली आणि पुरुषांत २८ च्या खाली म्हणजे कमी. त्यात गुडघा मधे येत नाही.
आणि जाड मांडीवर जाऊ नका हो, टेपला चरबी काय नि स्नायू काय, सारखंच. पोटरी मोजली तरी बीएमआय ३० ते ४० मधे असेल तर ७ सेंमी वजा करून बघतात, बायकांत ३३ च्या खाली आलं तर शंका. पायाला सूज असेल तर तेही चुकतं.

डेक्सा_करून_आलेला:
माझा अनुभव, डेक्साच्या (कमी मात्रेच्या एक्स-रेने चरबी, स्नायू मोजतात तो स्कॅन) बॉडी कॉम्पोझिशन रिपोर्टमधे उंचीच्या हिशोबाने माझे स्नायू 'नॉर्मल' आले होते. जाड माणसाचे स्नायू तसेही जास्तच भरतात, वजन वाहायचं असतं ना. २०२२ च्या युरोपियन सहमतीत हातापायांच्या स्नायूंचं वजन भागिले एकूण वजन असं बघायला सांगितलंय, तसं केल्यावर माझं कमी निघालं. तेव्हा रिपोर्टवर नुसतं नॉर्मल वाचून घरी येऊ नका, कशाने भागलंय ते विचारा.

फिजिओवाली:
बरोबर. आणि नुसत्या डाएटने उतरलेल्या किलोंमधे स्नायूही जातात, डाएट बंद करा म्हणत नाहीये, पण सोबत मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम हवाच. गुडघ्यात दुखणं-सूज असली की तो स्नायू मज्जासंस्थेकडूनच दाबला जातो, मग वापर कमी, मग अजून बारीक. बसून पाय सरळ करण्यापासून सुरुवात करता येते. प्रोटीन किती ते किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा.

काळजीत_लेक:
पोटरी ३८ भरली, म्हणजे ३१!! सूज नाहीये. उद्या पकड मोजायला नेते.

फिजिओवाली:
जायच्या आधी एक विचारा, हाताच्या अंगठ्याचा सांधा दुखतो का?

काळजीत_लेक:
विचारलं. "कधीपासूनच दुखतोय, त्यात सांगायचं काय" 🤦

फिजिओवाली:
मग पकड त्या दुखण्यानेही कमी येऊ शकते, तेवढ्यावरच शिक्का मारू देऊ नका, डेक्साचं पण विचारा.