चिनी बागांमधले खेळ पुण्यातल्या सोसायटीत: टेबल टेनिस, ज्येन्झ आणि बाकीचं

कोथरूड_सी_विंग

आमच्या सोसायटीत मुलं आणि साठीपुढची मंडळी एकत्र खेळतील असं काहीतरी कायमचं सुरू करायचं आहे. कमिटीची संमती आहे, पुढच्या बैठकीत खर्चाचा अंदाज द्यायचा आहे. चीनमधल्या शहरांत बागेत, शाळेच्या पटांगणात, इमारतींच्या मधल्या जागेत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे खेळतात आणि सामान फारसं लागत नाही, म्हणून तिथले खेळ डोळ्यांसमोर आहेत.

जागा दोन आहेत. क्लबहाउसचा हॉल साडेनऊ मीटर बाय पाच मीटर, छत तीन मीटरवर. दुसरी कुंपणालगतची उघडी पट्टी, आठ बाय पाच मीटर, खाली तळघर नाही.

विचारायचं ते असं: टेबल टेनिसचं घडीचं टेबल घ्यावं की तिकडच्यासारखं सिमेंटचं बांधावं? मुलांना पेन धरल्यासारखी चिनी पकड शिकवावी का? चिकट चिनी रबरं सुरुवातीलाच घ्यावीत का? आणि पायाने उडवायचं ते पिसांचं फूल इथे कसं मिळवायचं?

तिरका_टप्पा

पकडीपासून सुरुवात करतो, कारण ती चुकली की पुढे सुधारण्यात फार वेळ जातो.

पेनहोल्ड म्हणजे चीन, हे समीकरण आता जुनं झालं. १९५९ साली डॉर्टमुंडला रोंग ग्वोत्वान पुरुष एकेरीत जगज्जेता झाला तो पेनहोल्डवरच. कुठल्याही खेळात चीनचा तो पहिला जगज्जेता. पण त्या पकडीत बॅटची एकच बाजू वापरली जायची, त्यामुळे बॅकहँडला आलेला चेंडू अडवता यायचा, फिरवून मारणं जड जायचं. नव्वदच्या दशकात ल्यू ग्वोल्यांगने बॅटच्या पाठीला रबर लावून उलट्या बाजूने बॅकहँड मारायला सुरुवात केली आणि नंतर वांग हाओने तो फटका पूर्णत्वाला नेला. तरीही आज चीनमध्ये बहुतेक मुलांना शेकहँडच, म्हणजे हात मिळवल्यासारखी पकड, शिकवतात. पॅरिसला २०२४ मध्ये पाचही सुवर्णपदकं चीनने नेली, पण पुरुष एकेरीत पेनहोल्डवर कांस्य मिळवणारा फेलिक्स लब्रां फ्रान्सचा. तेव्हा सोसायटीतल्या मुलांना शेकहँडच शिकवा. एखाद्या काकांची पेनहोल्ड मुरलेली असेल तर ती मोडायला जाऊ नका.

शेकहँडमध्ये नव्वद टक्के मुलं एकच चूक करतात: तर्जनी बॅटच्या मधोमध सरळ ताणून ठेवतात. त्याने मनगट जाम होतं आणि फोरहँड मारताना बॅट बाहेर उघडते. तर्जनी रबराच्या खालच्या कडेला टेकलेली हवी, अंगठा दुसऱ्या बाजूला नखाच्या कडेने विसावलेला, उरलेली तीन बोटं मुठीवर सैल. तपासायला बॅटचं टोक दोन बोटांनी हलकेच ढकला. मनगट डुललं तर ठीक, अख्खा हात हलला तर मूठ आवळलेली आहे.

चिकट रबर आत्ता अजिबात नको. हरिकेन ३ सारख्या रबराचा पृष्ठभाग चिकट आणि आतला स्पंज कडक, एकोणचाळीस ते एकेचाळीस अंशांचा. असं रबर स्वतःहून चेंडू फेकत नाही. पायातून, कमरेतून जोर आला आणि हात वेगाने फिरला तरच ते चालतं. नवशिक्याचा हात हळू असतो, चेंडू जाळीत जातो, मग मूल बॅट उघडी धरून ढकलायला लागतं आणि ती सवय सुटता सुटत नाही. पहिलं वर्षभर पाच थरांची नुसत्या लाकडाची बॅट आणि दोन्ही बाजूंना १.८ मिलिमीटर स्पंजचं मऊ रबर. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे गिरकी देणारा फटका, बसल्यावर फोरहँडला चिकट रबर लावा, बॅकहँडला मऊच राहू द्या. चिनी खेळाडूंची नेहमीची जोडीही हीच आहे. चिकटवायला पाण्यावर आधारित गोंदच वापरा, उडून जाणाऱ्या द्रावणांचे गोंद स्पर्धांतून २००८ मध्येच बंद झाले.

हॉल एका टेबलाला पुरेसा आहे. टेबल २.७४ बाय १.५२५ मीटर, म्हणजे दोन्ही टोकांना सव्वातीन मीटरपेक्षा थोडं जास्त आणि बाजूला पावणेदोन मीटर उरतात. अडचण येईल ती भिंतींची आणि फरशीची. पांढऱ्या भिंतीवर पांढरा चेंडू दिसत नाही, म्हणून टेबलाच्या टोकांकडच्या भिंती दीड-दोन मीटरपर्यंत गडद निळ्या किंवा हिरव्या रंगवा, रंग बिनचकाकीचा. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो, त्यावर व्हिनाइलची चटई टाका. ट्यूब टेबलाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर सारख्या हव्यात, नाहीतर जाळीची सावली एका बाजूला पडते.

टेबल घेताना फळीची जाडी विचारा. १८ मिलिमीटर चालेल, २५ असेल तर उत्तम. दुकानातच चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडा, तो साधारण २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे. मध्यभागी, चारही कोपऱ्यांत आणि सांध्याजवळ करून बघा. एखाद्या कोपऱ्यात उसळी मेली तर खालची चौकट तिथे टेकलेली नाही.

शिकवायला चिनी पद्धतीची एकच गोष्ट उचला, पण ती नक्की उचला: बहुचेंडू सराव. एका टोपलीत शंभर चेंडू, शिकवणारा टेबलाच्या कडेला उभा राहून एकामागून एक देत जातो. सुरुवातीला मिनिटाला तीस-पस्तीसच, सगळे एकाच जागी. मग दोन जागी, मग कुठेही. घाईने चेंडू दिले की मूल गुडघे सरळ करून नुसता हात फिरवतं आणि सरावाचा उपयोग उलटा होतो. दीड-दोन मिनिटांचा डाव, मग तेच मूल चेंडू गोळा करतं आणि दुसरं उभं राहतं. एका टेबलावर सहा मुलं गुंतून राहतात ती अशी.

सळई_आणि_घोटाई

उघड्या पट्टीसाठी सिमेंटचं टेबल बांधा. लाकडी टेबल पुण्याच्या एका पावसाळ्यात फुगतं. मात्र गवंड्याला नुसतं मोजमाप देऊन सोडू नका.

वरचा भाग २.७४ बाय १.५२५ मीटर, जाडी ७५ मिलिमीटर, वरचा पृष्ठभाग जमिनीपासून बरोबर ७६ सेंटिमीटर. वजन होतं पावणेआठशे किलोच्या आसपास, म्हणून ते जमिनीवरच. पोडियमवर किंवा पार्किंगच्या स्लॅबवर ठेवायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. आधाराला नऊ इंची विटांच्या दोन आडव्या भिंती, प्रत्येक टोकापासून ६० सेंटिमीटर आत, म्हणजे खेळताना गुडघा आपटत नाही.

इथेच नेहमीची चूक होते. टोकाचे ६० सेंटिमीटर छज्जासारखे बाहेर असतात, तिथे ताण वरच्या अंगाला येतो. गवंडी सवयीने सळई खालीच टाकतो आणि पोरं टेबलावर बसायला लागली की भिंतीच्या रेषेत वरून तडा जातो. ८ मिलिमीटरच्या सळया १५० मिलिमीटर अंतरावर, मधल्या भागात खाली आणि टोकांकडे भिंतीच्या पुढेमागे वर, अशी मांडणी इंजिनियरकडून कागदावर काढून घ्या. काँक्रीट एम २५ प्रतीचं, कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर ३० मिलिमीटर.

वर टाइल्स किंवा कडप्पा बसवू नका. सांध्यावर पडलेला चेंडू वेडावाकडा उडतो, आणि खाली पोकळी राहिली तर तिथे उसळीच येत नाही. काँक्रीट ओलं असतानाच लोखंडी थापीने दोनदा घोटाई करून घ्या. उतार द्यायचा नाही, टेबल पाणसळीत हवं. पावसानंतर फरशीचं वायपर फिरवलं की झालं. कडा पाच मिलिमीटर गोल मारा, धारदार राहिल्या तर टवके उडतात आणि मुलांच्या कपाळालाही लागतात.

किमान दहा-बारा दिवस गोणपाट भिजवून पाणी मारा. महिन्याने बिनचकाकीचा गडद रंग द्या, काँक्रीट ओलसर असताना दिला तर पापुद्रे निघतात. कडेच्या पांढऱ्या रेषा २ सेंटिमीटर, मधली ३ मिलिमीटर. जाळी लोखंडी छिद्रांच्या पत्र्याची, उंची १५.२५ सेंटिमीटर. चीनमधल्या बागांत अशीच असते, कापडी जाळी उघड्यावर टिकत नाही. पत्र्याची वरची कड दुमडून घ्या.

अपेक्षा मात्र योग्य ठेवा. काँक्रीटवर टप्पा लाकडासारखा पकड घेत नाही, आणि २.७ ग्रॅमचा चेंडू वाऱ्याने वळतो. रोजचा खेळ बाहेर, स्पर्धेची तयारी हॉलमध्ये.

चार_पिसं

पायाने उडवायच्या त्या फुलाला ज्येन्झ म्हणतात. विकत मिळेल, पण घरी करा, मुलांना त्यातच निम्मी गंमत आहे.

पूर्वी चीनमध्ये मधे चौकोनी भोक असलेलं तांब्याचं नाणं वापरायचे. आपल्या नाण्यांना भोकं पाडू नका, नाणी मोडणं कायद्याने मना आहे. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात एम १२ बोल्टचे साधे वॉशर मागा: बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर, वजन सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. दोन वॉशर एकावर एक, मधे आणि वर-खाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या, व्यास साधारण ३५ मिलिमीटर. रबराने पायाला लागत नाही आणि उसळीही बरी येते.

बॉलपेनची जाड नळी अडीच सेंटिमीटर कापा, एका टोकाला चार चिरा द्या, वॉशरच्या भोकातून ओवून चिरा खाली पाकळ्यांसारख्या पसरा आणि गोंदाने चिकटवा. सगळ्यात खालची ट्यूबची चकती बिनभोकाची, ती पाकळ्यांवर बसते. नळीत कोंबड्याच्या शेपटीची पिसं, चिकनवाल्याला आधी सांगून ठेवलं की बाजूला काढून ठेवतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा, ओलं पीस नळीत कुजतं. सारख्या लांबीची चार ते सहा पिसं, वाक बाहेरच्या बाजूला, बुडाला दोरा गुंडाळून नळीत घट्ट बसवा.

आता उंचावरून सोडून बघा. वॉशर खाली राहून सरळ उतरलं पाहिजे. हेलकावे खात आलं तर पिसं एका बाजूला झुकलेली आहेत. फार सावकाश तरंगलं तर पिसांची टोकं सेंटिमीटरभर कापा. दगडासारखं पडलं तर पिसं कमी आहेत.

चार मूळ फटके: पावलाच्या आतल्या बाजूने, बाहेरच्या बाजूने, गुडघ्याने, आणि चवड्याच्या वरच्या भागाने. पहिल्याला चिनीत ‘फान’ म्हणतात, सुरुवात त्यानेच. गुडघा बाहेर वळवा आणि पावलाची आतली बाजू ताटासारखी आकाशाकडे करा. फूल दुसऱ्या पायाच्या गुडघ्याखाली आल्यावरच मारायचं. नवशिके घाईने वर मारतात, पाऊल तिरकं राहतं आणि फूल पुढे पळतं. आधी एकदा उडवून हाताने झेला. सलग दहा वेळा जमलं की दोनदा उडवून झेला. सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट हवेत, जाड गोल सोलच्या बुटांवर ते कुठेही जातं.

चारपाच जण गोल करून उभे राहिले की बागेतला खेळ सुरू. जाळीवरच्या स्पर्धात्मक खेळाला ११.८८ बाय ६.१० मीटर जागा लागते, ती तुमच्या पट्टीत बसणार नाही.

कोथरूड_सी_विंग

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. पावसाळ्यात हॉलमधल्या बॅटा ओलसर होतात आणि चेंडू घसरतो, त्याचं काय करायचं? आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ज्येन्झ द्यावं का? कोणी बॅडमिंटनही सुचवलं आहे.

तिरका_टप्पा

जुलै-ऑगस्टमध्ये रबरावर दमटपणाची पातळ साय बसते. खेळण्याआधी कोरड्या सुती फडक्याने पुसा. खेळून झाल्यावर साधं पाणी लावलेल्या स्पंजने एकाच दिशेने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, वर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवून पिशवीत ठेवा. साबण, स्पिरिट काही नको. मार्च ते मे उलटा त्रास, धूळ. चिकट रबरावर ती लगेच बसते आणि पृष्ठभाग आठवड्यात मरतो, तेव्हा फिल्म उन्हाळ्यात जास्त गरजेची.

चार_पिसं

गुडघे दुखणाऱ्यांना ‘फान’ नको, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. त्यांना गोलात उभं करून फूल हाताच्या तळव्याने उडवायला द्या, नातवंडं पायाने खेळतात. नाहीतर ताय ची. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने बसवलेला २४ हालचालींचा संच पाच-सहा मिनिटांत होतो आणि टेबल सोडून पट्टीत उरलेल्या जागेतही थोडे जण मावतात. उभं राहण्याची उंची ज्याने त्याने ठरवायची. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि वजन पायावर असताना पाऊल वळवायचं नाही. दुखणं वाढतं ते या दोन चुकांमुळे.

पूना_शटल

बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, त्यामुळे तुमच्या दोन्ही जागांत ते बसत नाही आणि तीन मीटर छताखाली टॉस, म्हणजे उंच उडवलेला फटका, मारता येत नाही. पट्टीवर बिनजाळीचं, चिनी बागेतल्यासारखं दोघादोघांनी खेळा. त्याला नायलॉनचं शटल घ्या, पिसाचं वाऱ्यात भरकटतं आणि फरशीवर दोन दिवसांत मोडतं.

पुढे मोठं कोर्ट भाड्याने घेतलंत तर एवढं लक्षात ठेवा: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हवा विरळ, शटल लांब जातं, म्हणून मुंबईत चालणाऱ्या क्रमांकापेक्षा हळू शटल लागू शकतं. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारा, समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. एप्रिलच्या कोरड्या हवेत पिसं कडकडीत होऊन तुटतात. आदल्या रात्री नळीची दोन्ही झाकणं काढा, पातेल्यातल्या वाफेवर पिसांच्या बाजूने पाच-सात सेकंद धरा, झाकणं लावून सकाळपर्यंत उभी ठेवा. बुचाला वाफ लागू देऊ नका, ते जड होतं.