सावजी मटण आणि पेट-नॅट? मी नाही म्हणतो

धरमपेठकर
शनिवारी गच्चीवर पाहुण्यानं फ्रान्सहून आणलेली ऑरगॅनिक पेट-नॅट उघडली. पहिलं आंबणं पुरं व्हायच्या आधीच ही वाइन बाटलीत भरतात. उरलेली साखर आतच आंबते, त्याचे बुडबुडे. बहुधा गाळत नाहीत, म्हणून गढूळ. झाकण सोड्याच्या बाटलीचं असतं तसलं. वास कच्च्या सफरचंदाचा, मागून आंबलेल्या कणकेचा. सावजीपुढं तिचं काहीच चाललं नाही. अल्कोहोलनं मिरचीची आग भडकते, वरून बुडबुडे टोचतात. पुडाच्या वडीबरोबर मात्र बहार! तेलकटपणा धुऊन निघाला, सांबाराचा (पुणेकरांनो, कोथिंबीर) वास जिभेवर राहिला.

तर्रीबाज
काहून बे? सावजीसंगं थंडी बिअर पिऊन राहिलो आपण इतकी वर्षं, तिच्यात बुडबुडे नाहीत का? अन् गढूळ, आंबूस, फेसाळ... आमच्या घरी याले नासलं म्हणतात.

धरमपेठकर
बिअर साधारण ५ टक्के, वाइन ११-१२. आगीत तेल दुप्पट.

महालची सून
नासल्याचं म्हणाल तर अगदीच खोटं नाही. सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) नाममात्र असलं की अशी वाइन उन्हाळा सोसत नाही, आणि आपला मे ४५ अंशांचा. मी एकदा बाटली नीट गार न करता उघडली; अर्धी टेबलक्लॉथनं प्यायली. रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा, गाळ बसतो. पहिले दोन ग्लास निवळ ओता, मग बाटली हलकेच फिरवून उरलेली. दोन्हींची चव वेगळी लागते. आणि पुडाच्या वडीपेक्षा वडाभात घेऊन बघा, वरून हिंगाच्या फोडणीचं तेल! संत्रा बर्फी मात्र लांब ठेवा, गोडापुढं ड्राय (बिनगोड) वाइन निव्वळ लिंबू लागते.

खडा मसाला
‘ऑरगॅनिक म्हणजे सल्फाइट शून्य’ असं कोणी धरू नये. युरोपच्या २०१२च्या नियमांत ड्राय रेडला लिटरमागे १०० मिलिग्रॅम, ड्राय व्हाइटला १५० पर्यंत मुभा आहे. वाइनमध्ये कमीत कमी हस्तक्षेप हा ती करणाऱ्याचा हट्ट, ऑरगॅनिक हे सर्टिफिकेट. मला तर अशा हट्टाच्या तीनातल्या एका बाटलीला गोठ्याचा वास येतो, आणि लोक त्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात.

तर्रीबाज
पाहा, मी काय सांगून राहिलो होतो! तरी वडाभात महालच्या वहिनी करत असतील तं बाटली मी आणतो. फक्त आमच्या वर्ध्याच्या साळ्याले सांगू नका. तिकडं दारूबंदी, तो इथंच मुक्काम ठोकते. अन् मटणासंगं बिअरच, ते काही मी सोडत नाही.