जुन्या बाटलीने रिअॅक्शन होते, नवीनने होत नाही. कारण शोधत बसू का पुढे जाऊ?

सोनकी_केम:
पीएचडीचं दुसरं वर्ष, ऑरगॅनिक. आमची एक सी-एन कपलिंग आहे, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन जोडायची रिअॅक्शन, आयर्न क्लोराइड कॅटॅलिस्ट, टोल्युइनमध्ये रात्रभर गरम करायचं. शेजारच्या लॅबच्या कपाटातून आयर्न क्लोराइडची एक जुनी बाटली आणली होती, लेबल अर्धं निघालेलं, झाकणाला तपकिरी थर, पण तिने काम मस्त व्हायचं, सकाळी टीएलसी (मिश्रणात काय उरलंय ते ठिपक्यांनी दाखवणारी प्लेट) लावली की स्टार्टिंग मटेरियलचा स्पॉट गायब. ती संपत आली म्हणून नवीन मागवली, ९९.९९ टक्के प्युअर, चांगली महाग. तर आता काहीच होत नाही. सॉल्व्हंट परत ड्राय केला, बेस बदलून पाहिला, नायट्रोजनचा सिलिंडरसुद्धा बदलला, स्पॉट जिथल्या तिथे. गाइड म्हणतात उरलेल्या बाटलीत सबस्ट्रेट स्कोप (हीच रिअॅक्शन वेगवेगळ्या रेणूंवर लावून बघणं) उरकून पेपर पाठवून दे. त्यांचंही बरोबर असेल, पण शुद्ध माल घातल्यावर रिअॅक्शन थांबते हे डोक्यातून जातच नाहीये. यात वेळ घालवावा का?

निळा_थोथा:
कॉपर बघ आधी. २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म या दोन केमिस्टांचा मिळून एक पेपर आलाय, नेमका याच विषयावर, आयर्न क्लोराइडमधली धातूंची भेसळ. वेगवेगळ्या ठिकाणचं आयर्न क्लोराइड घेतलं तर यील्ड वेगवेगळं, एकदम शुद्ध घेतलं तर जवळजवळ काहीच नाही, आणि त्यात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात काही भाग, कॉपर ऑक्साइड टाकलं की गाडी परत चालू. मला सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये, बोल्मच्या ग्रुपनेच त्याआधी आयर्नवाल्या कपलिंगवर पेपर काढले होते. आपल्याच कामाच्या मुळावर येणारी गोष्ट त्यांनी स्वतः तपासून छापली. याला मी चिकाटी म्हणतो, नुसतं रात्री जागून तीच रिअॅक्शन परत परत लावण्याला नाही.

पॉलिमरवाला_पुणे:
वरच्याशी शंभर टक्के सहमत. यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे झीग्लर हे जर्मन केमिस्ट. जर्मनीत म्युल्हाइमला त्यांच्या संस्थेत अॅल्युमिनियम अल्काइल आणि इथिलीन घेऊन लांब साखळ्या वाढवायचं काम चालू होतं, आणि होल्झकाम्प नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला एकदा साखळी मिळालीच नाही, मिळालं ते जवळपास सगळं ब्युटीन. म्हणजे दोन इथिलीन जोडले आणि काम थांबलं. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली रिअॅक्शन करायचं बंद भांडं) घासून परत लावू असं म्हणून तो विषय तिथेच संपला असता, पण ते मागे लागले आणि शेवटी सापडलं काय तर त्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमधला निकेलचा अंश. खरी कमाल याच्या पुढे आहे. निकेल जर एवढा फरक पाडतं तर बाकीचे धातू काय करतील म्हणून त्यांनी एकेक धातूचं संयुग घालून बघायला सुरुवात केली, झिर्कोनियमला पांढरं पॉलिथीन मिळालं, टायटॅनियम क्लोराइडने तर साध्या दाबाला. तोपर्यंत पॉलिथीन करायला हजार अॅटमॉस्फियरच्या वर दाब लागायचा! हे सगळं १९५३ सालचं, आणि १९६३ ला झीग्लर आणि नाट्टा यांना नोबेल. आज शेतात जाणारा एचडीपीईचा (त्याच जातीच्या पॉलिथीनचा) पाइप बघितला की मला तो ब्युटीनने भरलेला ऑटोक्लेव्ह आठवतो.

प्लांट_शिफ्ट:
मी एमआयडीसीत एपीआय प्लांटला (औषधातला मूळ घटक बनवतात तिथे) आहे, जरा दुसरी बाजू सांगतो. फेलोशिप पाच वर्षांची असते, त्यातली दोन जेआरएफमध्ये, म्हणजे ज्युनिअर फेलोशिपच्या टप्प्यात जातात, आणि प्रत्येक बिघडलेल्या बॅचमागे नोबेल नसतं, बहुतेक वेळा ओलावा नाहीतर पावडरची जाडी निघते. म्हणून शोध जरूर, पण मुदत ठरवून. आणि एक काम आजच कर, जुन्या बाटलीतलं थोडं वेगळ्या व्हायलमध्ये काढून सील करून ठेव. आमच्याकडे प्रत्येक लॉटचं रिटेन सॅम्पल (राखून ठेवलेला नमुना) ठेवल्याशिवाय माल पुढे हलत नाही. ती बाटली संपली तर तुझा पुरावाच संपला, आणि उद्या दुसऱ्या कुणी ही रिअॅक्शन लावली आणि झाली नाही तर काय उत्तर देणार?

निवृत्त_प्राध्यापक:
सोनकी, फरक मिटवायच्या मागे लागू नकोस, तो वाढवून बघ. रॅले या इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञाने हेच केलं. हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून केलेल्या नायट्रोजनपेक्षा जड भरत होता, सुरुवातीला फरक हजारात एक भागाएवढा. कुणीही वजनकाट्यावर ढकललं असतं. त्यांनी अमोनियाच्या पद्धतीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला म्हणजे हवेतला नायट्रोजन त्यात शिरायलाच नको, तर फरक वाढून जवळजवळ अर्धा टक्का झाला, लिटरला १.२५७२ ग्रॅम आणि १.२५०५ ग्रॅम. त्याआधीच, फरक हजारात एक असतानाच, १८९२ मध्ये ‘नेचर’ला पत्र लिहून सरळ विचारलं की याचं कारण कुणाला सुचतंय का. १८९४ मध्ये रॅम्झे या केमिस्टबरोबर हवेतल्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला अरगॉन हा नवा वायू सापडला. तुझ्याकडे आत्ताच शंभर आणि शून्य एवढा फरक आहे, याहून सोपा प्रश्न संशोधनात फार कमी वेळा मिळतो गं.

सोनकी_केम:
सगळ्यांना खूप धन्यवाद, सर तुम्हाला विशेष. व्हायल सील करून फ्रीजमध्ये ठेवली. असं ठरवलंय की नवीन आयर्न क्लोराइडमध्ये मोजून कॉपर ऑक्साइड घालायचं, चार वेगवेगळ्या प्रमाणांत, आणि शेजारी आयर्न अजिबात न घालता नुसत्या कॉपरची एक. जुन्या बाटलीचं सॅम्पल आयसीपी-एमएसला (धातूंचे बारीक अंश मोजणारी चाचणी) पाठवतेय. गाइडना उद्या सांगणार, महिनाभर मागून घेते.

निळा_थोथा:
मॅग्नेटिक बार नवीन कोरे घे सगळ्यांना. जुन्या बारच्या टेफ्लॉनला बारीक चिरा पडतात, त्यात आधीच्या रिअॅक्शनचा धातू बसून राहतो, काळपट डाग दिसतो बघ, घासून जात नाही. पॅलेडियमच्या बाबतीत हे छापून आलंय. तुमच्या लॅबमध्ये सुझुकी वगैरे पॅलेडियमच्या रिअॅक्शन होत असतील तर त्या डब्यातला एकही बार उचलू नकोस, आणि आयर्नही नाही कॉपरही नाही असा एक ब्लँक (तुलनेसाठीची रिकामी रिअॅक्शन) लाव, तो राहिलाय तुझ्या यादीत.