धाब्याच्या घराला स्वयंपाकघर आणि ओटा जोडायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर आहे. दोन फुटी मातीच्या भिंती, सागाचे खांब. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हाही आतली खोली गार असते, म्हणून घर पाडायचं नाही हे नक्की.

मागच्या अंगाला १२ बाय १४ चं स्वयंपाकघर आणि पुढे ८ फुटी ओटा वाढवायचाय. आईला गॅससोबत खाली चूलही हवीच. मांडे करताना ती पुरणाची पोळी हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि मग खापरावर टाकते, त्यामुळे चुलीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. धुराला वाटही हवी. आताची तुळई काळीकुट्ट झालीय आणि आईच्या डोळ्यांचं पाणी थांबत नाही.

खरी अडचण सांध्याची. गवंडी म्हणतो, जुन्या भिंतीत सळया ठोकून स्लॅब ओढू. मला पटत नाही. मातीची भिंत आणि सिमेंटचं काम सारखं बसत नाही, तडा गेला की पावसाचं पाणी थेट भिंतीत मुरेल. नवं काम स्वतःच्या खांबांवर वेगळं उभं करून मधल्या फटीवर पत्र्याची पन्हळ दिली तर चालेल का? कोणी केलंय का असं?

ओटा पश्चिमेला येतो. उन्हाळ्यात पापड लाटायला बायका तिथेच बसणार, तर वर कौलं घालू की पत्रा?