'गाहे', 'मागे', 'जागे': राष्ट्रगीतातली तीन क्रियापदं

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे. पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच राष्ट्रगीत छापलेलं असतं. त्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "आई, आशिस कुणाच्या मागे?" मला उत्तर देता आलं नाही. शाळेपासून सावधान उभी राहून म्हणत आलेय, पण 'मागे' म्हणजे 'पाठीमागे' असंच माझ्याही डोक्यात होतं. आणि 'गाहे' म्हणजे नेमकं काय?

प्रतिसाद: ताई, मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. रवींद्रनाथांचं हे गीत बंगाली आहे. त्यात संस्कृत शब्द इतके दाट आहेत की ते आपल्याला जवळजवळ मराठीच वाटतं, आणि अडखळायला होतं ते नेमकं क्रियापदांपाशी. जागे म्हणजे जागतात, मागे म्हणजे मागतात, गाहे म्हणजे गातात. बंगालीत वचनानुसार क्रियापद बदलत नाही, म्हणून एकाला आणि अनेकांना रूप तेच. 'गाहे'तला 'ह' धातूचाच आहे, 'जय हे'मधल्या हाकेच्या 'हे'शी त्याचं नातं नाही. आजच्या बोलण्यातल्या बंगालीत तो गळून नुसतं 'गाय' होतं.

मुलाला समजवायचं तर 'तुका म्हणे' आठवून द्या. तिथला 'म्हणे' म्हणजे 'म्हणतो'. 'मागे' आणि 'गाहे' त्याच घडणीचे. मराठीत हे रूप पुढे रीतिभूतकाळाकडे गेलं: 'आजी पहाटे उठे, जात्यावर बसे'. बंगालीत ते वर्तमानकाळीच राहिलं.

आता कर्ता शोधा, म्हणजे कडवं उलगडतं. पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग, विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा आणि 'उच्छल जलधितरंग', म्हणजे समुद्राच्या उसळत्या लाटा. हे सगळे तुझ्या शुभ नामानं जागे होतात, तुझा आशीर्वाद मागतात, तुझी जयगाथा गातात. डोंगर जागा होतो, नदी गाते! मला हा अन्वय कळला त्या दिवसापासून या ओळीला घसा दाटून येतो.

जाता जाता: बरीच मुलं 'उच्चल' म्हणतात. आपलं 'उसळणे' या 'उच्छल'पासूनच आलंय, एवढं सांगितलं की 'च्छ' चुकत नाही.

प्रश्न: मनापासून आभार. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे गंगासुद्धा गाते?" अजून एक शंका. यातला 'मराठा' जातिवाचक आहे का?

प्रतिसाद: नाही. २७ डिसेंबर १९११ला कोलकात्यात काँग्रेसच्या अधिवेशनात हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांत विभागलेला. द्राविड, उत्कल, बंग यांच्या पंगतीत बसलेला 'मराठा' म्हणजे हा अख्खा मुलूख आणि त्यातली माणसं. १८८१ साली पुण्यात 'केसरी'बरोबर जे इंग्रजी पत्र निघालं त्याचं नाव 'मराठा' होतं, तेही याच व्यापक अर्थानं. २४ जानेवारी १९५०ला संविधान सभेत हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर झालं, तेव्हा 'मराठा' तसाच राहिला. फाळणीत पलीकडे गेलेला सिंधही राहिला.